पाच वेळा नमाज, दिवसभर घरकाम. मग वेगळा व्यायाम कशाला?

पहाटपाखरू
अम्मीचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले, तर घरात लगेच सूर निघाला, "पाच वेळा नमाज पढते, दिवसभर राबते, आणखी काय हवं?"

मला हे पटत नाही. नमाज ही इबादत, म्हणजे उपासना आहे, तिला व्यायामाच्या हिशोबात धरू नये. रुकूत कमरेतून वाकताना आणि सजद्यात कपाळ टेकताना सांधे हलतात, पण दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. अम्मी आज खुर्चीवर बसून नमाज पढते. जमिनीवर सजदा करता येत नाही, याचं तिला फार वाईट वाटतं. शरीर अल्लाहची अमानत आहे असं आपणच म्हणतो ना?

सुईदोरा
अमानत आहेच, म्हणून तर हया, म्हणजे लाजही सांभाळायची. जिममध्ये पुरुष, मोठ्यानं लावलेली गाणी, कुणाच्या मोबाइलमध्ये आपण कधी टिपल्या जाऊ याचा नेम नाही. आणि घरकामाला कमी लेखू नका. भरल्या बादल्या उचलणाऱ्या बाईला "तू व्यायाम करत नाहीस" म्हणणं अन्याय आहे.

लांबउडी
सुईदोरा, जिमचा विषय काढला कुणी? पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची शर्यत आठवा. सफरीत पैगंबरांनी (स.) सोबतच्यांना पुढे जायला सांगितलं आणि त्या दोघांनी धाव घेतली. पहिल्यांदा त्या जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा धावल्या, तेव्हा पैगंबर जिंकले आणि म्हणाले, ही त्या वेळची परतफेड. पडदा राहिला आणि धावणंही झालं. हिजाबचं म्हणाल तर फुटबॉलमध्ये फिफाने २०१४ साली, बास्केटबॉलमध्ये फिबाने २०१७ साली डोकं झाकून खेळायला मुभा दिली. इब्तिहाज मुहम्मद २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हिजाब घालूनच तलवारबाजीचं सांघिक कांस्य घेऊन आली.

सुईदोरा
शर्यतीची हदीस, म्हणजे पैगंबरांची ती आठवण, मला मान्य, ती विसरायला नको होती. पण ऑलिंपिकचे दाखले देऊ नका. तिथे प्रशिक्षक असतात, आमच्याकडे कडेवर मूल असतं. घरात दार लावून करा, एवढंच माझं म्हणणं.

पहाटपाखरू
दार लावून केलं तरी चालेल, फक्त ऊन मिळणार नाही. अंग झाकलेलं आणि दिवस घरात, अशा बायकांमध्ये ड जीवनसत्त्व कमी पडण्याचा धोका जास्त असतो. तपासणी करून डॉक्टर सांगतील तसं घ्यावं.

कडेवरच्या मुलाचं मात्र अगदी खरं बोललात. कपड्यांची वाट निघते, वेळेची निघत नाही. बाईनं अर्धा तास स्वतःसाठी घेतला की घरात सगळ्यांना तो दिसतो, आणि ते मूल त्या वेळात कुणी घ्यायचं यावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे अम्मी असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. तेवढा वेळ स्वयंपाकघर माझा भाऊ बघतो. त्याला हे दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा नाही.