आयुष्यभर कागदावर वाचलं, आता ई-रीडर घेऊ का? (मराठी वाचणाऱ्यांनीच सांगा)

जाईजुई

नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ५९, मुक्काम डोंबिवली. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, बिल्डर तीन वर्षं म्हणतोय म्हणजे तुम्ही पाच धरा, तोवर भाड्याच्या वन बीएचकेमधे आहोत. पुस्तकं भरली तर ३१ खोकी झाली, त्यातली ९ माझ्यासोबत आली आणि बाकीची दिरांच्या बदलापूरच्या गाळ्यात आहेत, तिथे मागच्या पावसाळ्यात वाळवी लागलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय त्यामुळे रात्री झोप लागत नाही ते वेगळंच. त्यात उजव्या अंगठ्याने दगा दिलाय. ट्रिगर थंब म्हणतात म्हणे, अंगठा वाकवला की तिथेच अडकतो आणि मग कट्ट करून सुटतो. कुशीवर झोपून एका हातात जाडजूड कादंबरी धरून वाचायची ही चाळीस वर्षांची सवय, ती बंद झाली. उशीवर पुस्तक टेकवून बघितलं, जेवणाच्या टेबलावर भाजीच्या कुकबुकचा स्टँड लावून बघितला, त्या स्टँडवर पुस्तक ठेवलं की मला उगाच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

तर वरच्या मजल्यावरच्या मुलीने तिचं किंडल (ॲमेझॉनचा ई-रीडर, म्हणजे ई-बुकं वाचायचं पाटीसारखं यंत्र) आठ दिवस वापरायला दिलं. इंग्रजी एक रहस्यकथा त्यावर वाचली आणि खरं सांगते, आवडलं. हलकं आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, डाव्या हातानेही पान उलटतं, दिवा बंद करून वाचलं तर ह्यांची कुरकुर नाही. कागदाचा वास, स्पर्श वगैरे मला कोणी विचारू नका, जुन्या पुस्तकांच्या वासाने मला शिंका येतात.

अडलंय ते मराठीवर. माझं ऐंशी टक्के वाचन मराठी. ओळखीच्या एकाने एका पुस्तकाची पीडीएफ दिली होती, ती त्यात टाकली तर अक्षर मुंगीएवढं. मोठं करायला गेलं की पान डावीउजवीकडे सरकवत बसायचं. मग वरच्या मुलीने ती कशात तरी कन्व्हर्ट करून दिली तर पानभर डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेली फ्रेंचसारखी अक्षरं आली! दुसऱ्या एका फाईलमधे मराठी दिसलं पण वेलांट्या पळालेल्या. किंडलच्या स्टोअरवर मला हव्या असलेल्या अकरा पुस्तकांची नावं टाकून बघितली, दोन मिळाली.

मग विचारायचंय ते असं की मराठीसाठी ई-रीडर घेण्यात अर्थ आहे का, की इंग्रजीपुरतंच ते खेळणं? घ्यायचं तर कुठलं आणि केवढ्या स्क्रीनचं? माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्या स्क्रीनचा त्रास होतो का? आणि आणखी एक, जरा कानकोंडं होऊन विचारतेय, एका नातेवाइकाने चार हजार मराठी पुस्तकांचा पेनड्राइव्ह देऊ केलाय, तो घ्यावा का?

अर्धाकप

स्वागत जाईजुई. पेनड्राइव्ह घेऊ नका. बाकी लोक सविस्तर लिहितीलच.

कंदील

डोळ्यांचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा, मी फक्त यंत्राचं सांगतो. मोबाईल किंवा टॅबमधे उजेड स्क्रीनच्या मागून थेट आपल्या डोळ्यात येतो. किंडलचा पडदा ई-इंकचा असतो, त्यात तसं नसतं, पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण तरंगत असतात, विजेने त्यातले हवे ते वर आणायचे की झालं अक्षर तयार. एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागतच नाही, लागते ती पान उलटताना, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. तुम्ही रात्री जो दिवा वापरलात तोही मागून नाही, कडेला बसवलेल्या एलईडींचा उजेड पडद्यावर पसरतो, टेबललॅम्प कागदावर पडतो तसा. तुम्ही आठ दिवस वापरलंत, त्रास झाला का? नाही ना, मग तेच उत्तर.

साईझ म्हणाल तर सहा इंचाचं घेऊ नका. २०२२ चं साधं किंडल १५८ ग्रॅमचं आहे, अंगठ्याला बरं पडेल, पण मराठी अक्षर मोठं केलं की ओळीत चार-पाच शब्द मावतात आणि सारखी पानं उलटत बसावं लागतं. पेपरव्हाइट २०२४ पासून सात इंचाचं झालंय, वजन दोनशे ग्रॅमच्या थोडं वर. ३०० पीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) दोन्हीत आहे, त्यामुळे जोडाक्षरं दोन्हीकडे रेखीव दिसतात. मागे ते गोल रिंगवालं पॉपसॉकेट चिकटवा, बोटं त्यात अडकवायची, अंगठ्याने धरायची गरजच नाही. माझ्या आईला तेच लावून दिलंय.

बोकोबा

ॲण्ड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडर पण असतात, बूक्स वगैरे. फायदा असा की मराठी ई-बुकं विकणाऱ्या ज्या साईट्स फाईल हातात देत नाहीत, फक्त आपल्या ॲपमधेच वाचू देतात, ती ॲप्स त्यावर टाकता येतात. किंडलवर तो विषयच नाही. तोटा म्हणजे महाग, बॅटरी लवकर उतरते, आणि ॲप मोबाईलसाठी बनवलेलं असल्याने स्क्रोल करताना मागच्या पानाची भुतं दिसत राहतात. भाच्याने बाहेरून आणलाय म्हणून माहीत. तांत्रिक खटपट आवडत असेल तरच जा त्या वाटेला.

जुळारी

जाईजुई, तुमची फ्रेंच अक्षरं वाचून हसलो आणि मग जरा वाईट वाटलं, कारण ती माझ्यासारख्यांनीच टाईप केलेली आहेत. मी वीस-बावीस वर्षं डीटीपी (कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं काम) करतोय.

होतं काय की युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) रुळायच्या आधी (आणि बऱ्याच ठिकाणी नंतरही) मराठी पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधे श्रीलिपीसारखे फाँट वापरून लागायची. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी 'क' नसतोच, इंग्रजीच्या एखाद्या अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फाँट काढून घेतला की चित्र जातं आणि खालचं ते टोपीवालं अक्षर उघडं पडतं. कन्व्हर्ट करताना नेमकं हेच होतं.

वेलांट्यांचं गौडबंगाल त्याहून मजेशीर. जुन्या पद्धतीत जसं दिसतं तशा क्रमाने टाईप करायचं, म्हणजे 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमधे उलटं, आधी 'क', मग वेलांटी. त्यामुळे रूपांतर नीट झालं नाही की 'किती'चं 'िकती' होतं. रफारही तसाच, जुन्यात तो अक्षरानंतर यायचा, म्हणून 'वर्ग'चं 'वगर्' होतं. अडीचशे पानांच्या पुस्तकात असे किती रफार असतील विचार करा. आणि कन्व्हर्टरने ९९ टक्के बरोबर केलं तरी उरलेला एक टक्का शोधायला सगळं पुस्तक पुन्हा प्रूफाला बसावं लागतं, ते पैसे कोण देणार? त्यात जुन्या करारांत ई-बुकच्या हक्काचा उल्लेखच नसतो, लेखक गेलेले असतात, वारस तीन गावांत. तुमची अकरातली नऊ पुस्तकं का नाहीत त्याचं उत्तर बहुतेक इथेच कुठेतरी आहे. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली तीच मुळात २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे नवी पुस्तकं मिळायची शक्यता जास्त, आपल्या पिढीची कमी.

पुढच्या वेळी कुणी पीडीएफ दिली की एक करा. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॅपवर स्वतःलाच पेस्ट करा. मराठी उमटलं आणि वेलांट्या जागेवर असल्या तर फाईल कामाची. टोप्या दिसल्या तर कन्व्हर्ट करायच्या भानगडीत पडू नका. आणि ओळ सिलेक्टच झाली नाही तर ते स्कॅन आहे, म्हणजे पानांचे नुसते फोटो. स्कॅनसाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते फोटोतले शब्द कापून छोट्या स्क्रीनच्या मापाने पुन्हा लावतं. छपाई स्वच्छ असेल तर छान होतं, पिवळ्या पडलेल्या पानांवर फार आशा नको.

अर्धाकप

जुळारीबुवा, यावर वेगळा लेख लिहा हो!

सांजवात

पेनड्राइव्हबद्दल मी पण नकोच म्हणेन, आणि फक्त नैतिक कारणाने नाही, त्यातली निम्मी पुस्तकं वर सांगितलेल्या टोपीवाल्या पीडीएफ निघतील! हक्काचं फुकट भरपूर आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, मोजणी पुढच्या वर्षापासून. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं सगळं लेखन २०११ पासून मोकळं. हरिभाऊ आपटे तर १९१९ ला गेले. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तकं लोकांनी टाईप करून ठेवलीत आणि तिथून सरळ ईपब (अक्षर लहानमोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेणारी ई-बुकची फाईल) उतरवता येतं, युनिकोड, वेलांट्या जागेवर. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकंही विनामूल्य असतात.

ईपब किंडलवर पाठवायचं तर सेंड टू किंडलच्या साईटवर टाका, २०२२ पासून ईपब चालतं. ईमेलने पाठवणार असाल तर तुमचा ईमेल आधी ॲमेझॉनच्या अकाउंटमधे मंजूर यादीत टाकावा लागतो, नाहीतर फाईल पोचतच नाही आणि आपण वाट बघत बसतो. मी दोन दिवस बसले होते.

अजून एक, तुम्ही मराठी बारकाईने वाचणाऱ्या दिसता म्हणून. काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, दर ओळीला खडा लागतो दातात. कॅलिबर म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ईपब उघडून भाषा मराठी करायची आणि कन्व्हर्ट करताना फाँट एम्बेड करायचा, म्हणजे फाईलमधेच घालायचा. मी टिरो देवनागरी मराठी वापरते, गूगल फाँट्सवर मिळतो, अगदी छापील पुस्तकासारखा दिसतो. किंडलवर मग फाँटच्या यादीत पब्लिशर फाँट निवडायला विसरू नका, ते न करता 'काही फरक पडला नाही' म्हणणारे इथे पुष्कळ येऊन गेलेत :)

बोकोबा

एक धोक्याची सूचना माझ्याकडून. स्टोअरवर घेतलेलं पुस्तक आपलं नसतं, वाचायचा परवाना असतो फक्त. २००९ मधे ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर उडवली होती, हक्कांचा घोळ निघाला म्हणून, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं ते गेलं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तर घेतलेल्या पुस्तकाची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोयही काढून टाकलीय. तेव्हा खोक्यातली पुस्तकं रद्दीत घालू नका प्लीज.

जाईजुई

बापरे, किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. पेनड्राइव्ह घेतला नाही, नातेवाईक जरा फुगलेत.

बोकोबा, रद्दीचा प्रश्नच येत नाही. वडील पुस्तक घेतलं की पहिल्या पानावर तारीख, दुकान आणि किंमत लिहायचे, आणि आत पेन्सिलीने लेखकाशी भांडायचे, एका चरित्रात तर समासात ओळीने सात वेळा 'खोटे' लिहिलंय. ती पुस्तकं त्या नऊ खोक्यांत आहेत. गाळ्यातली बाकीची २२ खोकी आणून उन्हात टाकायचं दिरांशी बोललेय. तोवर वाचायचं कशावर एवढाच माझा प्रश्न होता.

जुळारींनी सांगितलेली व्हॉट्सॅपची परीक्षा माझ्याकडच्या १४ पीडीएफवर घेतली. ३ पास, ५ टोपीवाल्या, ६ स्कॅन. ज्या पुस्तकासाठी एवढा जीव टाकत होते ते स्कॅनमधेच निघालं, वाळवीची नक्षीसुद्धा स्कॅन झालीय त्यात.

जाईजुई (तीन आठवड्यांनी)

अपडेट देते. सात इंची पेपरव्हाइट घेतलं, मागे पॉपसॉकेट लावलं, कुशीवर झोपून वाचन पुन्हा सुरू! कॅलिबर वरच्या मुलीने शिकवलं, फाँट एम्बेड करायला मात्र मी एकटीने जमवलं, पब्लिशर फाँटही आठवणीने निवडला. 'दुसऱ्या'मधला अर्धा र बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाचनालयाचं सभासदत्व चालू ठेवलंय. जी पुस्तकं ईपबमधे नाहीत ती तिथून आणते, पातळ असतील ती हातात धरते आणि जाड असली की आहेच तो कुकबुकचा स्टँड.

चुकतं ते एवढंच की किती पुस्तक उरलंय ते अंगठ्याला कळत नाही. खाली ३४ टक्के लिहून येतं पण ३४ टक्के म्हणजे दुपारच्या झोपेआधी संपेल की नाही ते त्यावरून समजत नाही मला.

आता एक शेवटचा प्रश्न आणि धाग्याला त्रास देणं थांबवते. मला रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे (हसा खुशाल), ते वाचून मी परत पहिल्या पानावर येते. मग दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तेच पुस्तक मोबाईलवर उघडलं की ते दर वेळी विचारतं, तुम्ही शेवटच्या पानापर्यंत पोचलाय, तिथे नेऊ का? हे कसं बंद करायचं?

कंदील

किंडलच्या सेटिंग्जमधे डिव्हाइस ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे व्हिस्परसिंक (कुठपर्यंत वाचलंय ते सगळ्या यंत्रांवर जुळवणारी सोय) आहे ते ऑफ करा. मग मोबाईलवर वाचताना आपलं पान आपणच शोधावं लागेल.

अर्धाकप

आणि शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.