मुंबईच्या स्टुडिओतलं जुनं कार्ड: पगडी काळी की लाल?

जुनापेटारा: पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आहे, पुठ्ठा साधारण १० × ६.४ सेंमी. मागे मुंबईच्या स्टुडिओचं नाव छापलंय, साल नाही. पगडी कुळकुळीत काळी दिसते. स्कॅन करून रंग भरायचेत. पगडी काळीच ठेवू का? आणि साल कसं काढायचं?

ओलीकाच: फोटोत काळी दिसते म्हणून काळी धरू नका. तेव्हा फोटो कोलोडियन (ईथर-अल्कोहोलमधलं चिकट द्रावण) लावलेल्या ओल्या काचेवर घेत. तिला निळा-जांभळा प्रकाश कळतो, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून लाल पगडी आणि कुंकू काळं येतं, केशरी-पिवळं गडद, तर फिकट निळं उपरणं पांढरं. १८८० नंतरच्या साध्या कोरड्या काचांचंही (आधीच थर देऊन वाळवलेल्या) तेच. तेव्हा पगडीच्या रंगावरून सालही निघणार नाही. रंग घराण्याच्या रिवाजावरून ठरवा.

कार्डवाला: हे माप कार्त-द-व्हिझिटचं, म्हणजे व्हिझिटिंग कार्डासारख्या छोट्या पुठ्ठ्यावरच्या फोटोचं. त्याहून मोठं, १०.८ × १६.५ सेंमीचं कॅबिनेट कार्ड १८६६ पासूनचं. पुठ्ठा पातळ आणि कोपरे काटकोनी असतील तर बहुधा १८६० चं दशक. जाड पुठ्ठा, गोल कोपरे हे नंतरचं. पण स्टुडिओवाले जुना साठा संपेपर्यंत वापरत, त्यामुळे दहाएक वर्षं इकडेतिकडे धराच. खरा पुरावा मागचा पत्ता, कारण स्टुडिओ जागा बदलत. नावही कामी येतं: छायाचित्रकार राजा दीनदयाळांचा मुंबईचा स्टुडिओ १८९६ चा, त्याआधीचं कार्ड त्या छापाचं असूच शकत नाही.

जुनापेटारा: पुठ्ठा पातळ, कोपरे काटकोनी. अंगरखा मात्र सपाट पांढरा, एकही चुणी नाही. शिवाय पांढरे ठिपके आहेत. स्कॅन बिघडलाय का?

ओलीकाच: स्कॅन ठीक असावा. सावळ्या चेहऱ्यावरून परतणाऱ्या प्रकाशात लालसर भाग जास्त, तो काचेला दिसत नाही. चेहरा उठावा म्हणून एक्स्पोजर (काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) वाढवलं की अंगरखा जळतो, म्हणजे नुसता पांढरा येतो. मूळ फोटोतच नसलेल्या चुण्या अंदाजाने काढू नका. ठिपके बहुधा निगेटिव्हवरचे (ज्या काचेवरून फोटो छापतात, तिच्यावर छटा उलट्या असतात): धुळीने किंवा चांदीच्या द्रावणातल्या खड्यांनी काचेवर पारदर्शक भोकं पडत, ती छापात काळी उमटत. म्हणून स्टुडिओत ती रंगाने बुजवत. रंग जास्त झाला की छापात पांढरा ठिपका. मुंबईत त्रास दुहेरी, कारण कोलोडियनमधलं ईथर ३४.६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. उन्हाळ्यात कोलोडियन बाटलीतच घट्ट व्हायचं, काचेवर ओतताना लाटा राहायच्या.

कार्डवाला: ठिपके पुसायला ओला कापूस लावू नका. फोटोच्या कागदावरचा अल्ब्युमिनचा (अंड्याच्या पांढऱ्याचा) थर भिजला की फुगतो आणि वाळताना तडकतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, बाकीची दुरुस्ती स्कॅनवर करा.