घोड्यांनी पाणंद (शेतवाट) उखडली, गावठाणात लिदीच्या तक्रारी. ग्रामपंचायतीने काय करावं?

शिवारवाट:
जुन्नरकडची सात सदस्यांची ग्रामपंचायत. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून गाड्यापुढे पळणाऱ्या घोड्या गावात वाढल्या. एकाच आळीत सहा जनावरं आहेत, त्यातली दोन वरातीलाही जातात. सराव पाणंदीवर चालतो. पाणंद 600 मीटर लांब, 3 मीटर रुंद, वर मुरूम आणि खाली काळी माती. त्यातला 100 मीटरचा सखल तुकडा दर पावसाळ्यात उखडतो आणि दुधाच्या गाड्या रुततात. मागच्या वर्षी टाकलेली खडी दोन महिन्यांत कडेला गेली.
शिवाय तीन घरांचा लेखी अर्ज आलाय: माश्या, वास, रात्री टापांचा आवाज, आणि सुटलेली घोडी कांद्यात शिरली. मागणी एकच, घोडे गावाबाहेर हलवा. मासिक सभेपुढे विषय आहे. रस्त्याचं काय करावं आणि ठराव काय घ्यावा?

मुरूमखडी:
आधी पाण्याचा बंदोबस्त करा, घोड्यांचं नंतर बघू. काळी माती भिजली की फुगते, वरचा थर पोकळ होतो, मग टाप पडो नाहीतर ट्रॉलीचं चाक, खडी खाली रुतते किंवा कडेला उडते. चिखलात कोरडी खडी ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

चढाच्या बाजूने चर काढा: वर 60, तळाला 30, खोली 45 सें.मी. सखल जागी 600 मि.मी. व्यासाचा एनपी-3 (सळई घातलेला) सिमेंट पाइप आडवा टाका. अडीच मीटरच्या दोन नळ्या पुरतील. पाइपावर निदान 60 सें.मी. भराव हवा, नाहीतर ऊस भरलेली ट्रॉली पहिल्याच हंगामात तो फोडते.

मग त्या 100 मीटरमधला चिखल 20 सें.मी.पर्यंत उकरून बाहेर काढा. क्षेत्र 300 चौ.मी. दाबून 20 सें.मी. राहील असा कठीण मुरूम सुमारे 27 ते 28 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागेल. तो 10-10 सें.मी.च्या दोन थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून घाला. त्यावर 63 ते 45 मि.मी. खडी, दाबून 75 मि.मी., म्हणजे साधारण 11 ब्रास. 8 ते 10 टनी रोलर कडेकडून मध्याकडे कोरडाच फिरवा. बुटाने ढकलून खडा हलला तर रोलर अजून हवा. खडे एकमेकांत बसल्यावरच बारीक कच (दगडाचा चुरा), पाणी, पुन्हा रोलर, आणि शेवटी मुरमाचा पातळ थर, 5 ब्रासपर्यंत. तुमच्याकडे इथेच चुकलं असणार: खडी बसायच्या आधी मुरूम ओतला की खडे मुरमात तरंगतात आणि घोड्याच्या नालेची धार त्यांना एकेक करून उपटते.

मध्य कडेपेक्षा 6 सें.मी. उंच ठेवा. मध्यावर टेकवून आडवी दोरी ताणा, दोन्ही कडांना दोरीखाली चार बोटं जागा दिसली पाहिजे. मुरूम घेताना मूठभर ओला करून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. दोन-तीन तुकडे झाले तर चांगला, चेपून चिकटला तर त्यात माती जास्त, भुगा झाला तर बांधणार नाही. गायरानातून उचलणार असाल तर तहसीलदारांचा गौण खनिज परवाना आधी घ्या. ठराव झाला म्हणजे परवाना मिळाला असं होत नाही.

अगाडीपिछाडी:
रस्त्याचं वर आलंच, घोड्यांचं सांगतो. भरधाव सराव ओल्या मुरमावर नको. रस्ता फाटतोच, शिवाय घोडीच्या पायाची नसही जाते. मोठा पाऊस झाला की पाणंद दोन दिवस सरावाला बंद ठेवा. नकाशावर गाडीवाट असेल तर रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. मोजणीत तेवढी निघाली तर 3 मीटर रस्ता सोडून एका कडेला पाच-सहा फुटांची मातीची पट्टी घोड्यांना राखा.

आता आळी. एक घोडी रोज 15 ते 20 किलो लीद टाकते. सहा जनावरांची लीद आणि आंथरूण मिळून आठवड्याला जवळपास एक ब्रास, म्हणजे एक ट्रॉली. उन्हाळ्यात माशीचं अंडं ते माशी हे चक्र 7 ते 10 दिवसांत पूर्ण होतं, म्हणून ट्रॉली आठवड्याला एकदा निघालीच पाहिजे. पंधरवड्याने उचलली तर माश्या आधीच उडालेल्या असतात. लीद रोज सकाळी गोळा करून झाकायची. शेतात ताजी टाकू नका, घोड्याच्या पोटातून तणाचं बी न पचता बाहेर पडतं. गावाबाहेर दोन नाडेप टाक्या (कंपोस्ट खताच्या, 10 × 6 × 3 फूट) बांधून कुजवली तर शेतकरी स्वतः मागायला येतील.

वास मुताचा असतो, लिदीचा कमी. उतार काढून 1 मीटर लांब-रुंद-खोल शोषखड्डा करा. आवाज कमी करायला फरशीवर 10-15 सें.मी. भाताचं तूस किंवा पाचट पसरा. घोडी रात्री आपटते ती बहुतेक वेळा माश्यांमुळे किंवा गव्हाण रिकामी म्हणून. शेवटचा कडबा रात्री दहाला द्या. सुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, फक्त अगाडी (पुढची दोरी) बांधलेली असते. अगाडी आणि पिछाडी (मागच्या पायांची दोरी) दोन्ही हव्यात, पण दावं इतकं आखूड नको की तिला बसता येणार नाही. आखूड दाव्याने जखडून ठेवणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.
एखाद्या घोडीच्या नाकातून घट्ट पिवळा स्राव किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ती लगेच वेगळी बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ही ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची लक्षणं असू शकतात, आणि तो माणसालाही होतो.

दप्तरवाचक:
"घोडे गावाबाहेर हलवा" असा सरसकट ठराव करू नका, टिकणार नाही. स्वतःच्या जागेत जनावर पाळणं हा उपद्रव नाही. साठलेली लीद आणि रस्त्यावर ठोकलेली मेख हा उपद्रव आहे. दोन्ही गोष्टी ठरावात वेगळ्या लिहा.

क्रम असा: ग्रामपंचायत अधिकारी, दोन सदस्य आणि दोन पंच यांनी जागेवर पंचनामा करावा. खुंट्यापासून शेजारच्या दारापर्यंतचं अंतर मोजून लिहा, तारखेसह फोटो लावा. मग मालकाला नावानिशी नोटीस, त्यात करायची कामं आणि 15 दिवसांची मुदत. पोच घ्या. "स्वच्छता राखावी" एवढंच लिहिलेली नोटीस निरुपयोगी ठरते. "लीद दर रविवारी उचलावी, शोषखड्डा अमुक तारखेपर्यंत करावा" असं लिहा. सार्वजनिक रस्त्यावरची मेख किंवा उकिरडा काढायला 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 53 आहे. तरीही ऐकलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जा. तिथे तुमचा पंचनामाच बोलतो.

कांद्याच्या नुकसानीचा पंचनामा वेगळा करा. कोंडवाड्याच्या कायद्यात गुरांच्या व्याख्येत घोडा, शिंगरू, खेचर, गाढव सगळे येतात, तेव्हा "घोडं म्हणजे गुरं नव्हे" हा युक्तिवाद चालत नाही.

रस्त्यासाठी आधी नमुना 23, म्हणजे ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही, उघडा. ही पाणंद त्यात नसेल तर खर्चावर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. ती ग्रामीण मार्ग म्हणून जिल्हा परिषदेकडे असेल तर काम त्यांच्या बांधकाम विभागाचं. तुमचीच असेल तर वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी वापरा. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेचा आहे, त्यातून नाडेप आणि शोषखड्डे सुचवा. दोन्ही कामं विकास आराखड्यात हवीत.

शिवारवाट:
नमुना 23 मध्ये नोंद सापडली, पाणंद आमचीच आहे. ठेकेदार म्हणतो, आळीत पेव्हर ब्लॉक बसवा म्हणजे लीद धुता येईल.

अगाडीपिछाडी:
आळीत पेव्हर नको. ओल्या ब्लॉकवर नाल घसरते. माथेरानच्या अश्वपालांची हीच तक्रार आहे. शिवाय धुतलेली लीद गटारात जाऊन ते तुंबवते. काँक्रीट करायचंच असेल तर ओलं असतानाच उताराला आडव्या, बोटभर रुंद खाचा पाडून घ्या, आणि खुंट्यापुढची दोन मीटर जागा मुरमाचीच ठेवा.