स्नॅप शॉटला जोरच येत नाही, कोणी सांगेल का?

मिऱ्याचा_वारा (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. मी चाकांवरची, म्हणजे इनलाइन हॉकी खेळतो. येत्या हिवाळ्यात लेहला बर्फावरच्या शिबिराला जायचं घाटतंय. रिस्ट शॉट बऱ्यापैकी जमतो. स्नॅप शॉट, म्हणजे झटक्यात मारायचा फटका, मारला की पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) एकतर लोळत जातो, नाहीतर थेट शेजाऱ्यांच्या कौलांवर. सराव खळ्यात, कोब्यावर. स्टिक चुलतभावाने टोरांटोहून आणली, ८५ फ्लेक्सची. लांब पडत होती म्हणून वरून चार बोटं कापली. माझं वजन ५८ किलो. व्हिडिओत जो तो 'मनगट वापरा' म्हणतो. मनगट ठणकायला लागलं, वेग आहे तिथेच. इथे समोर उभं राहून दाखवणारं कोणी नाही.

मालवणी_मसालो
रत्नागिरीत बर्फावरची हॉकी? आमच्याकडे बरफ फकस्त पापलेटाक लागता रे! मिरकरवाड्यात जा, लादी माग.

देवगडकर_काका
मसालोबुवा, लादी वितळायच्या आत दोन शॉट झाले तरी पुष्कळ.

मिऱ्या, मी ओंटारिओत नोकरीला होतो तेव्हा आम्ही चाळिशीतले नवशिके रात्री उशिरा खेळायचो, कारण तेव्हा रिंक स्वस्त पडायचं. तिथे जे शिकलो ते सांगतो. तू मनगटाच्या मागे लागू नकोस, आधी स्टिककडे बघ. फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो तो. तुझं वजन साधारण १२८ पौंड. ढोबळ हिशेब वजनाच्या निम्म्याचा, म्हणजे तुला ६५ च्या आसपासची हवी. त्यात तू ती कापलीस. आखूड झाली की दांडा आणखी ताठ होतो, आता नव्वदीच्या पुढे गेली असणार. ती तुझ्याच्याने वाकतच नाही. आणि वाकली नाही तर स्नॅप शॉटला उरतं काय? ओला बांबू वाकवून सोडल्यावर सटकतो ना, सगळा जोर तिथून येतो.

आता कृती. रिस्ट शॉटला पक मागच्या पायापासून ओढत आणतोस, तसं इथे नाही. पक पुढच्या पायाच्या रेषेत, अंगापासून जरा लांब. दोन्ही हात पोटाला चिकटवू नकोस, वरचा हात मोकळा राहिला पाहिजे. खालचा हात दांड्यावर आणखी थोडा खाली सरकव. पक किंचित स्वतःकडे ओढ आणि ब्लेड, म्हणजे स्टिकचं खालचं पातं, त्याच्यापासून जेमतेम दोन बोटं मागे घे. मग ब्लेड पकवर आपटायचं नाही, पकच्या अगदी मागे जमिनीवर दाबायचं. खालच्या हाताने खाली आणि पुढे रेटा, त्याच क्षणी वरचा हात स्वतःकडे ओढ. अंगाचं वजन दांड्यावर आलं पाहिजे. दांडा वाकतो, पकला लागतो, सुटतो. मनगट येतं ते अगदी शेवटी, ब्लेड मिटवायला.

लोळतो कारण तू पकलाच मारतोयस, जमिनीला नाही. उडतो कारण तू मागे रेलतोस आणि ब्लेडचं तोंड आकाशाकडे उघडं राहतं. शॉट संपल्यावर ब्लेडचं टोक कुठे रोखलंय ते बघ. गुडघ्याएवढं थांबलं तर पक खालून जाईल, खांद्यावर गेलं तर वर.

हे सगळं कशासाठी, तर गोलरक्षकाला वेळ मिळू नये म्हणून. स्लॅप शॉट म्हणजे स्टिक मागे उंच उचलून मारायचा फटका, ती मोठी उचल त्याला लांबून दिसते. स्नॅपला तयारीच एवढीशी असते की पक सुटल्यावर कळतं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या ऑस्टन मॅथ्यूजने २०२३-२४ च्या मोसमात ६९ गोल केले, त्याचे शॉट आवाज बंद करून हळू गतीत बघ. पक अंगाजवळ ओढतो तेव्हाच कोन बदलतो, गोलरक्षक जुन्याच कोनात उभा असतो. ते तुला लगेच जमणार नाही, पण डोळ्याला सवय होऊ दे.

कोबा सोड, ब्लेड खाऊन टाकेल. सुताराकडून मरीन प्लाय घे, वर सनमायका चिकटवून घे, गुळगुळीत बाजू वर. मागे ट्रॉलरच्या टाकून दिलेल्या जाळ्याचा बारीक डोळ्यांचा भाग टांग. सैल टांग, ताणलेलं असलं तर पक परत अंगावर येतो. माप खऱ्या गोलाचंच ठेव, ६ फूट रुंद, ४ फूट उंच. आणि पक खरा वापर. तो साधारण १७० ग्रॅमचा, सिझन बॉलपेक्षाही जरा जड. इनलाइनचा पक हलका, त्यावर हात बसला की बर्फावर सगळं अंदाजाबाहेर जातं.

लेहवारी
काकांना एक पुरवणी. बूट घालून मारशील तर फसशील. बुटाला जमीन धरते, त्यामुळे कंबर पिळून खोटा जोर मिळतो. लेहला तळ्यावर उभी राहिले तर पायच मागे सरकला, शॉट कुठच्या कुठे. स्केटच्या पात्याच्या आतल्या कडेने बर्फ ढकलून पुढच्या पायावर जायला लागतं. निदान इनलाइन स्केट्स घालूनच सराव कर. आणि लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, पहिले दोन दिवस निवांत बस, धापा लागतात.

मिऱ्याचा_वारा
काका, लेहवारीताई, आभार. मापून बघितली, शूज घालून उभा राहिलो तर आता हनुवटीच्याही खाली येतेय. म्हणजे जास्तच कापली गेली का? आणि पावसात प्लायचं काय करायचं? खळ्यात चार महिने चिखल.

देवगडकर_काका
हो. स्केट्स घालून हनुवटीला, नुसत्या पायावर नाकाला आली पाहिजे. ही चुलतभावाला परत दे, त्याच्या पोराला होईल पुढेमागे. नवी घेताना सीनिअर, म्हणजे मोठ्यांच्या मापाची, बघू नकोस, त्याखालच्या इंटरमीडिएट मापात ६५ मिळते, दांडाही बारीक असतो, हातात बसतो. प्लायच्या कडांना दोन हात वॉर्निश मार, नाहीतर ओलीने फुगतील. पावसाळ्यात पडवीत घे. जागा नसेल तर निम्माच तुकडा चालेल, स्नॅपला जागा लागते किती! सनमायकावर दमटपणा चढला की पक अडकतो, तेव्हा सुरू करण्याआधी कोरड्या फडक्याने पूस. स्केट्सच्या बेअरिंगलाही तेल देत जा, खाऱ्या हवेत आठवड्यात गंजतात.