लोटकाचा नियम आणि 'एका पेपरात आटोपलेले' संशोधक

अणुरेणू: काल इथे एकाने लिहिलं, 'लोटकाचा नियमच सांगतो की साठ टक्के संशोधक एका पेपरात आटोपतात, त्यांच्यावर पैसा कशाला घालवायचा?' रात्री झोप लागली नाही. आल्फ्रेड लोटका या संख्याशास्त्रज्ञाने १९२६ साली मोजलं काय, तर 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' या रसायनशास्त्राच्या पेपरांचे सारांश छापणाऱ्या नियतकालिकाच्या १९०७ ते १९१६ च्या लेखकसूचीतली ए आणि बी या दोनच अक्षरांची नावं. ६,८९१ पैकी ३,९९१ जणांचा एकच पेपर. पण ज्याने १९१६ ला पहिला पेपर लिहिला, तोही त्यातच धरला गेला! त्याने पुढे काय केलं, ते सूचीत दिसणारच कसं? यावरून कुणाची लायकी ठरवता?

चतुष्कोण: काल ते मीच लिहिलं होतं. ट्रान्झिस्टरवाला शॉकली विसरलात? कुणी जास्त पेपर का लिहितो, यावरचा त्याचा १९५७ चा लेख. प्रश्न निवडणं, चिकाटी, नीट लिहून काढणं असे आठ गुण धरा. प्रत्येकात कुणी दीडपट असला, तर गुणाकाराने तो पंचवीसपट पुढे जातो. माणसामाणसात फरक असतोच.

कॉलमवाली: आठ गुणांत गाइडची मर्जी कुठे धरली? मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली नळी, म्हणजे कॉलम, कोरडा पडू नये म्हणून मी पहाटे चारपर्यंत स्टुलावर बसून सॉल्व्हंट ओतायचे. पेपर आला तेव्हा माझं नाव चौथं, आणि दुसरं अशा माणसाचं जो लॅबमध्ये कधी फिरकलाही नव्हता. लोटकाने तर जोडपेपरांत फक्त मुख्य लेखकालाच धरलं होतं. म्हणजे मी त्याच्या हिशेबात शून्य.

चतुष्कोण: ताई, इथे गणितावर बोलतोय. रडगाणं नको.

कॉलमवाली: रडगाणं? चार वर्षं गेली माझी त्यात. शब्द मागे घ्या.

प्राध्यापक_गावाकडचा: त्या बरोबर बोलताहेत. २०१० ला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे पेपर वगैरे कामगिरी मोजून द्यायचे, गुण आणले आणि आमच्याकडे पैसे भरून पेपर छापायची रांग लागली. एका सहकाऱ्याने वर्षात अकरा छापले. प्रयोगशाळेत गॅस नाही, बुरेट फुटलेले. त्या अकरांना कुठलं मॉडेल लावणार?

अणुरेणू: गाडी एपीआयवर गेली, पण मुद्दा तोच आहे. पेपर मोजला म्हणजे काम मोजलं असं होत नाही.

चतुष्कोण: 'रडगाणं' मागे घेतो. नावांच्या क्रमाचंही मान्य. नावाजलेल्यालाच जास्त श्रेय जातं, हे समाजशास्त्रज्ञ मर्टनने १९६८ ला मांडलंच आहे. पण शॉकलीचा गुणाकार मी सोडणार नाही.

कॉलमवाली: नका सोडू. नववा गुण तेवढा जोडा: नाव कुठल्या क्रमांकावर लागलं.