गेम सुचवणारे, रिव्ह्यू आणि ऑनलाइनची अट: तुमचे अनुभव सांगा

'कोणता गेम घेऊ?' असं विचारलं की नावं भराभर मिळतात. तो नेटशिवाय चालतो का, एकट्याने खेळता येतो का, ऑनलाइनसाठी वेगळी वर्गणी लागते का, हे मात्र पैसे भरल्यावर कळतं. माझ्या लेखी कन्सोलवर हे प्रश्न गेमच्या गुणवत्तेइतकेच मोठे आहेत. कोणाच्या सांगण्यावरून घेतलेला गेम तुम्हाला लाभला, कुठे अटीने अडवलं, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मैत्रिणीने 'इट टेक्स टू' सुचवताना आधी विचारलं, "शेजारी बसून खेळायला कोणी आहे का?" हा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही. एकाने भिंतीत खिळे मारायचे, दुसरीने हातोडी त्यांत अडकवून झोके घेत पलीकडे जायचं. मी आणि बहीण एकाच टीव्हीसमोर बसून खेळलो, नेटचा प्रश्नच आला नाही. सुचवावं तर असं, खेळणारं माणूस बघून.

*

मी पीएसथ्रीपासूनचा, म्हणजे सोनीच्या तिसऱ्या प्लेस्टेशनपासूनचा. तेव्हा ऑनलाइन खेळायला वर्गणी नव्हती. २०१३ मध्ये पीएसफोर आला आणि बहुतेक गेमच्या ऑनलाइनसाठी प्लस, म्हणजे प्लेस्टेशनची वर्गणी, लागू लागलं. 'फोर्टनाइट'सारखे फुकट गेम तेवढे सुटले. एक्सबॉक्सवर फुकट गेमना ही सूट थेट २०२१ मध्ये मिळाली, आणि निन्टेन्डोच्या स्विचवर वर्गणी सप्टेंबर २०१८ पासून आहे. नवीन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: वर्गणीत मिळालेले महिन्याचे गेम वर्गणी संपली की कुलूपबंद होतात. सेव्हचंही, म्हणजे खेळात जिथवर पोचलो त्या नोंदीचंही बघा. पीएसफोरवर ते यूएसबीवर काढून ठेवता येतात, पीएसफाइव्हच्या गेमचे येत नाहीत, तिथे क्लाउडच, म्हणजे नेटवरची साठवण.

*

रिव्ह्यू कधीचा आणि कोणत्या मशीनवरचा, हे मी सगळ्यात आधी बघते. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा आधी छापून आलेले रिव्ह्यू पीसीवरचे होते. पीएसफोरवर त्याची इतकी दैना होती की सोनीने आठवड्याभरात तो स्टोअरवरून काढला. परत आला जून २०२१ मध्ये. 'नो मॅन्स स्काय'चं उलट. २०१६ चे रिव्ह्यू वाचून आज कोणी तो टाळला तर एका सुंदर गेमला मुकेल, कारण पुढे फुकट अपडेटमधून त्यात केवढी भर पडली! माझं ग्रहांवर भटकणं अजून चालू आहे.

*

चिडून दिलेले रिव्ह्यू बाद करा म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स टू'च्या पीसीवाल्यांवर पीएसएन खात्याची, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन सेवेच्या खात्याची सक्ती जाहीर झाली. ज्या देशांत असं खातं काढताच येत नाही तिथल्या लोकांनी करायचं काय? स्टीम या पीसी गेमच्या दुकानावर नापसंतीचे लाखो रिव्ह्यू पडले आणि सोनीने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. गेमची लढाई झकासच होती, मीही खेळत होतो. पण खेळू देणार की नाही, हाही रिव्ह्यूचाच विषय आहे.

*

वरच्यांशी सहमत. डिजिटल गेमवाल्यांनो, नेट असतानाच आपलं कन्सोल 'प्रायमरी', म्हणजे आपल्या खात्याचं मुख्य मशीन, करून ठेवा. आमच्याकडे नेट गेलं तरी खेळ थांबला नाही तो त्यामुळे.

*

रेसिंग गेम सुचवताना मी आता पहिला प्रश्न विचारतो: सर्व्हर बंद झाल्यावर काय उरणार? 'द क्रू' २०१४ चा. एकट्याने खेळायची कथा असूनही त्याला सर्व्हर लागायचा, आणि ३१ मार्च २०२४ नंतर डिस्क हातात असूनही तो कोणालाच सुरू करता येईना. लोकांनी ओरड केली, तेव्हा त्याच वर्षी पुढच्या दोन भागांसाठी ऑफलाइन मोड जाहीर झाला. मी मित्रांना 'फोर्झा होरायझन' सुचवतो, त्यात एकट्याने ऑफलाइन गाडी हाकता येते. तुमच्याकडे असे आणखी असतील तर नावं द्या, सोबत कोणत्या कन्सोलवर खेळलात तेही.