शेवटी ती ओरडत नाही, पट्टी बदलते

'टायटॅनिक'चं गाणं शेवटाला नुसतं ओरडणं वाटतं असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. सेलीन डिऑन तिथे फक्त आवाज वाढवत नाही, अख्खी पट्टीच, म्हणजे गाण्याचा मूळ सा, बदलते. माझे काका देवगडला भजनात पेटीवर असतात. गेल्या गणपतीत रात्री भजन आटपून सगळे उसळ-पाव खात बसलेले, मी मोबाईलवर हे गाणं लावलं तर काका पेटीवर सूर शोधायला लागले, पांढरी ३ वर, म्हणजे तिसरी पांढरी कळ सा धरून, बरोब्बर सापडलं, छान चाललेलं, आणि तो ड्रमचा दणका पडून शेवटचं ध्रुवपद सुरू झालं तसा त्यांचा हात अडला. भाता तसाच धरून म्हणाले, "अरे, हिने सा उचलून थेट गंधारावर ठेवला, काळी ४!" म्हणजे नवा सा जुन्या पट्टीच्या ग वर, चौथ्या काळ्या कळीवर. आमचे बुवा गजर चढवतात तेव्हासुद्धा एवढी उडी नसते हो. आणि संगीतकार जेम्स हॉर्नरच्या या चालीवर सेलीनने १९९७ मध्ये डेमो (नमुना रेकॉर्डिंग) म्हणून जे गायलं तोच आवाज पुढे सिनेमात राहिला. काकांनी ती जागा मला चार वेळा परत लावायला लावली.